लांब देठाची फुलं

त्या मुलखात आताशा कुणी चालत नसे. पाय होते सगळ्यांना, कुणाला चार तर कुणाला सहा, पण लागलं-सवरलं आणायला बिळाबाहेर पडावं ही रीतच उरली नव्हती. तीळ हवेत, वेलीला सांगा. घरट्याला काथ्या हवा, वेलीला सांगा. दारातलं पान हललं की समजायचं, मुंग्या माल घेऊन आल्या.

ही वेल भोपळ्याची. शेवंती नावाच्या एका खारीनं उकिरड्यावर बी टोचलं, त्याला सहा पुनवा झाल्या होत्या. उकिरड्याचाही पांग बारा वर्षांनी फिटतो म्हणतात, या उकिरड्याचा सहा महिन्यांतच फिटला. वेल उतरून खाली आली, चिंचेखालच्या आठवड्याच्या बाजाराला वळसा घालून पुढं सरकली, आणि एकेका बिळाच्या, घरट्याच्या, ढोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. शेवंती रात्रंदिवस पळायची. शेपटीचे केस झडले, एका कानाचं टोक कुठं तरी अडकून फाटलं, पण तोंडावरचं हसू काही गेलं नाही. पोर गुणाची होती, यात वादच नाही.

वाद होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. दारी माल आला की घरधनी एक दाणा द्यायचा, आणि तो माल दारी पोचवायला मुंग्या दोन दाणे खायच्या. हे गुपित नव्हतं. शेवंती स्वतःच सांगायची. मग वरचा दाणा यायचा कुठून? तर गाठींमधून. भोपळ्याच्या वेलीला हातभर अंतरावर गाठ असते, गाठीपाशी ती जमिनीत मूळ सोडते. शेवंतीनं एकेक गाठ विकायला काढली होती. घेणाऱ्यानं भुईमुगाच्या शेंगा मोजायच्या, गाठीला रोज पाणी घालायचं, आणि पुढं त्या गाठीला जो भोपळा धरेल तो त्याचा. एका भोपळ्याच्या बिया एका बिळाला वर्षभर पुरतात, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पहिल्या पुनवेला गाठ एका शेंगेला गेली. दुसऱ्या पुनवेला चार शेंगांना, मग वीस, मग चाळीस. ज्यानं वीसला घेतली तो चाळीसला विकू लागला आणि ज्यानं चाळीसला घेतली तो ओठ चाटत पुढच्या पुनवेची वाट बघू लागला. भाव पुकारायला रावजी बेडूक होता. दर पुनवेच्या सकाळी तो उकिरड्यापासून शेंड्यापर्यंत उड्या मारत जायचा आणि वेल किती उड्या वाढली ते दगडावर चढून सांगायचा. जितक्या उड्या जास्त तितका भाव चढा. प्रत्येक सौद्यामागं रावजीला चार दाणे मिळायचे, त्यामुळं त्याचं पोट सुटलं होतं, आणि पोट सुटल्यामुळं उडी आखूड झाली होती. त्यामुळं वेल जेवढी वाढायची त्याहून मोजणीत जास्त वाढायची. यात रावजीची लबाडी नव्हती बरं का. तो बिचारा प्रामाणिकपणे दमत होता.

आणि भोपळे? आता इथं त्या मुलखाची एक जुनी रीत सांगायला हवी. कोवळ्या फळाला बोट दाखवायचं नाही. दाखवलं की फळ कुजतं. पोरांनी कळीएवढं फळ तोडू नये म्हणून कुण्या शहाण्यानं घातलेली रीत असावी, चांगलीच होती. पण वेलीबरोबर ती रीतही वाढत गेली. आधी बोट दाखवायचं नव्हतं. मग पान उचलून बघायचं नाही असं झालं. मग ‘भोपळा धरला का’ असं नुसतं विचारणाऱ्याकडंही लोक डोळे वटारून बघू लागले.

त्या मुलखात हैबती नावाचा एक म्हातारा उंदीर होता. नाव हैबती, पण मांजराची सावली दिसली तरी आठ दिवस बाहेर न पडणारा. त्याचा कान मात्र मोठा गुणी. शेंग कानाशी धरून तो हलवायचा आणि फोडण्याआधी सांगायचा, आत दोन दाणे आहेत, एक पोचट आहे, किंवा नुसतंच टरफल आहे. आयुष्यात त्याचा शब्द चुकला नव्हता. त्यामुळं चिंचेखाली वाद पेटला की शेवटी सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं वळायची.

वाद पेटवायचा खंडूशेट सरडा. चिंचेखालचं दुकान त्याचं, आणि वेल आल्यापासून तिथं माश्याही येत नव्हत्या.

“एक दाणा घ्यायचा नि दोन चारायचे,” खंडूशेट म्हणायचा. “आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ही पोरगी सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसणार आहे, लिहून ठेवा.”

“खंडूशेट, तुमची धाव कुंपणापर्यंत,” रावजी बेडूक म्हणायचा. “आज दोन चारते, कारण तिला दारं धरायचीत. उद्या सगळी दारं तिची झाली, तुमचं दुकान बसलं, की ती तीन दाणे घेईल. देणार नाही तर जाणार कुठं लोक?”

“आणि देताना मुंग्या सहा खायला लागल्या तर?”

“मुंगी ती. खाऊन खाऊन किती खाईल?”

असं रोज चालायचं. दोघांचंही ऐकताना पटायचं, हीच तर खरी अडचण होती. शेवटी पुनवेला चार दिवस उरले असताना एका काटेरी साळूनं विषय संपवला. “हैबतीबुवांना वेल दाखवा. ते सांगतील भरलेली आहे का पोचट. पुनवेला सगळ्यांसमोर सांगतील, आणि मग ज्यानं त्यानं बघावं.” हैबतीला नाही म्हणायला फार आवडलं असतं. पण चारचौघांत भीड पडली आणि तो हो म्हणून बसला.

घरी आला तर चिंगूबाई, म्हणजे त्याची उंदरीण, चुलीपाशी उगाचच झाडत होती. झाडायला काही नसलं की ती झाडायची, आणि मनात काही असलं की जास्तच.

“अहो, तुम्ही सांगणार आहात म्हणे वेलीचं.”

“सांगावं लागेल.”

“चांगलंच सांगाल ना?”

हैबतीनं तिच्याकडं बघितलं. संसाराला इतकी वर्षं झाली की बायकोच्या झाडण्याचा आवाज ऐकूनही दाणा भरलेला की पोचट ते कळतं. तो उठला आणि कोठाराच्या बोळात गेला. उन्हाळ्याच्या चार महिन्यांच्या बेगमीला त्यानं एकेक कानाशी धरून निवडलेल्या ऐंशी शेंगा तिथं रचल्या होत्या. आता चाळीस होत्या.

“एक गाठ घेतली,” मागून चिंगूबाई म्हणाली. “सत्त्याऐंशीवी. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“म्हणजे ठाऊक होतं तुला.”

“ठाऊक होतं म्हणूनच नाही विचारलं.” मग तिचा आवाज खाली आला. “दर उन्हाळ्यात शेवटच्या महिन्यात तुम्ही म्हणता, मला भूक नाही. मला काय कळत नाही होय? म्हटलं एकदा तरी भोपळा यावा दारात. एक उन्हाळा तरी तुम्हाला भूक लागू दे.”

हैबतीला रागवायचं होतं. सगळं बोलणं तोंडाशी आलं होतं, पण या शेवटच्या वाक्यानं ते जागच्या जागी विरघळलं. त्यानं चाळीस शेंगा पुन्हा एकदा नीट रचल्या आणि दोघं जेवायला बसले. भूक त्यालाही होती, पण त्यानं दीडच दाणा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उकिरड्यावर गेला. शेवंती मुंग्यांच्या रांगा लावत होती. लहानपणी ही त्याच्याच बिळाच्या तोंडाशी खेळायला यायची, शेंगा कशा वाजवायच्या ते त्यानंच तिला शिकवलं होतं.

“काका, बघा,” ती म्हणाली. “पण मी डोळे मिटते. मी एकदाही बघितलेलं नाही. अपशकून नको.”

तिनं खरंच डोळे मिटले आणि त्याच्या शेपटीचं टोक धरून मागं मागं चालू लागली. हैबती पानं उचलत निघाला. पहिली गाठ, दुसरी, दहावी. फुलं होती, पिवळीधमक, एकेक फूल पेल्याएवढं. पण सगळी लांब देठाची. आता ज्या फुलाला भोपळा धरायचा असतो त्याचं देठ आखूड असतं आणि फुलाच्या मागं हरभऱ्याएवढी हिरवी गोळी असते. नुसतं लांब देठाचं फूल चार दिवस मिरवतं आणि गळून पडतं. पन्नासावी गाठ झाली. सत्त्याऐंशीव्या गाठीपाशी मात्र त्याला पुरतं बघवेना. वरचं पान थोडं उचललं, लांब देठाचं फूल दिसलं तसं घाईनं खाली सोडलं. एकशे चाळीस गाठी संपल्या तेव्हा दुपार कलली होती.

“किती?” डोळे मिटूनच शेवंतीनं विचारलं. हैबतीनं तिच्या हातातून आपली शेपटी अलगद सोडवून घेतली. “कळलं,” ती म्हणाली आणि मग डोळे उघडले.

“शेंडा खुड, पोरी,” हैबती म्हणाला. “भोपळ्याची जातच तशी आहे. शेंडा धावत असेल तोवर सगळा रस शेंड्याला. खुडलास की रस मागं वळतो आणि गाठीत उतरतो. मग फळ धरतं. धरेलच असं नाही, पण धरलं तर तसंच धरतं.”

“खुडला तर पुनवेला रावजी काय मोजेल? वाढ दिसली नाही की गाठी खपायच्या थांबतात. मग मुंग्यांना काय घालू? तीन हजार मुंग्या आहेत, काका. घरी बच्चीकच्ची आहेत त्यांची.” ती शेंड्याकडं बघत राहिली. ओढ्याच्या काठाशी तो हवेत तोंड वर करून डुलत होता. “ओढ्यापलीकडं एक कासव आहे. फार म्हातारं झालंय, त्याला पाल्यापर्यंतही जाववत नाही. एवढी त्याच्या दारात गेली की खुडते.”

“मागच्या पुनवेला हे कुणाविषयी म्हणाली होतीस?”

“साळूविषयी,” शेवंती म्हणाली आणि तिला हसू आलं. हसता हसता डोळे भरले. हैबतीलाही तिच्यावर रागवता येईना, कारण ती खोटं बोलत नव्हती. कासव खरंच होतं आणि ते खरंच उपाशी होतं.

पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी रावजी बेडूक हैबतीच्या बिळाशी आला. बरोबर ठमाबाई होती, चिचुंद्री. विधवा बाई, डोळ्यांनी जवळजवळ अधू, वास घेत घेत भिंतीच्या कडेनं चालणारी. तिच्यामागं पानाच्या द्रोणात नव्वद शेंगा होत्या. घरातलं सगळं झाडून आणलेलं दिसत होतं.

“ठमाबाईंना गाठ हवी,” रावजी म्हणाला. “शेवंतीकडच्या संपल्या. तुमची चिंगूबाईंच्या नावची आहे ना? नव्वद देतायत. उद्या तुम्ही चांगलं सांगितलंत की दीडशे होईल, म्हणून आजच घाई.”

हैबती काही बोलण्याआधी चिंगूबाईनं त्याला बोळात ओढलं. “चाळीसच्या नव्वद,” ती कुजबुजली. “काय बघितलंत तुम्ही तिथं? खरं सांगा.”

“लांब देठाची फुलं.”

“सगळी?”

“सगळी.”

चिंगूबाई मटकन खाली बसली. मग तिचं डोकं भराभर चालू लागलं, ते तिच्या मिशांवरूनच दिसत होतं. “मग देऊन टाकू. आज देऊ, तुम्ही उद्या सांगा. लबाडी कसली त्यात? तिलाच हवीय. आपण काही तिच्या दारात गेलो नव्हतो.” हैबतीला त्या चाळीस शेंगा दिसत होत्या आणि त्यांच्या शेजारी नव्वद रचलेल्याही दिसत होत्या. एवढ्या शेंगा त्याच्या कोठारात कधी साठल्या नव्हत्या. खरं सांगायचं तर त्याला मोह झाला. बाहेरून ठमाबाईचा आवाज आला, “मला वेल दिसत नाही हो रावजी, पण सगळे म्हणतात म्हणजे असणार. केवढी आहे?”

“आभाळाएवढी,” रावजी म्हणाला.

चिंगूबाई तशीच उठली, बाहेर गेली. “गाठ विकायची नाही,” ती म्हणाली. “शेंगा घरी न्या, ठमाबाई. आणि उद्या ह्यांचं ऐकल्याशिवाय कुणाकडून घेऊ नका.” आत आली ती सरळ झाडायला लागली, आणि हैबतीला त्या आवाजात आज एकही पोचट दाणा ऐकू येईना.

पुनवेच्या सकाळी सगळा मुलूख ओढ्याकाठी जमला. रावजी उकिरड्यापासून मोजत येऊन शेंड्यापर्यंतच्या शेवटच्या उडीसाठी पाय ताणून बसला होता. हैबती दगडावर चढला. तो म्हणाला, “वेल देखणी आहे. अशी वेल मी जन्मात बघितली नाही. शेवंतीनं जिवाचं रान केलंय. पण मी एकशे चाळीस गाठी बघितल्या. फुलं लांब देठाची आहेत. भोपळा मला एकही दिसला नाही.”

मग एकच गिल्ला झाला. यानं पानं उचलली, यानंच बोट दाखवलं, भोपळे धरत होते ते यानं कुजवले. सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता तो खंडूशेट सरडा. रोज वेलीच्या नावानं बोटं मोडणाऱ्या खंडूशेटनं गुपचूप मेव्हण्याच्या नावानं तीन गाठी घेऊन ठेवल्या होत्या, हे त्या गोंधळात मेव्हण्यानंच सांगून टाकलं. खंडूशेटचा रंग हिरव्याचा मातकट झाला.

चिंगूबाई पुढं आली. “आमची गाठ सत्त्याऐंशीवी,” ती म्हणाली. “चाळीस शेंगा घातल्यात, उन्हाळ्याची निम्मी बेगमी. काल नव्वदला मागत होते. ह्यांनी काय बघितलं ते मला ठाऊक होतं. नाही विकली. आता ह्यांनी आकसानं सांगितलं असं ज्याला म्हणायचंय त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं.”

सगळ्या माना आपोआप शेवंतीकडं वळल्या. ती शेंड्यापाशी उभी होती. पलीकडच्या काठावर ते म्हातारं कासव मान लांब करून वाट बघत होतं. शेवंतीनं त्याच्याकडं बघितलं, मुंग्यांच्या रांगेकडं बघितलं, आणि मग आईनं तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा शेंड्यावर हात ठेवला. “तुमच्यासाठी मी पाला पाठीवर घेऊन येईन, आजोबा,” ती पलीकडं बघून म्हणाली. आणि वाकून तिनं दातांनी शेंडा तोडला.

तुटल्या जागी रसाचा एक थेंब आला. रावजीनं उडीसाठी ताणलेले पाय हळूहळू खाली सोडले, कारण आता कुठवर मोजायचं ते त्याला कळेना. “आजचा भाव काय?” मागून कुणी तरी विचारलं. त्यानं घसा फुगवला आणि तसाच फुगवून ठेवला.

सगळ्यांत आधी ठमाबाई हलली. “बघायचं नाही अशी रीत आहे ना? मला तर दिसतच नाही,” असं पुटपुटत तिनं जवळच्या पानाखाली नाक घातलं आणि सूं सूं करत वास घेऊ लागली. मग साळूनं आपल्या गाठीचं पान उचललं. मग मेव्हण्यानं, मग खंडूशेटनं. बघता बघता सगळा मुलूख गुडघ्यांवर आला. ओढ्यापासून उकिरड्यापर्यंत नुसत्या शेपट्या वर दिसत होत्या आणि तोंड एकाचंही दिसत नव्हतं.

हैबती आणि चिंगूबाई सत्त्याऐंशीव्या गाठीशी आले. तिनं पान उचलून धरलं. लांब देठाची तीन फुलं होती, आणि त्यांच्या मागं, देठाच्या बेचक्यात, आणखी एक काही तरी होतं, तिळाएवढं, हिरवं. त्या दिवशी घाईत सोडलेल्या पानाखाली ते होतं की नव्हतं कोण जाणे.

“हे काय हो?” चिंगूबाई म्हणाली.

हैबती वाकला. त्यानं कान जवळ नेला, बराच वेळ तसाच धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही ऐकू आलं नाही. “कळत नाही,” तो म्हणाला.

मागून रावजी दबकत दबकत आला होता. “बुवा,” तो हळूच म्हणाला, “ह्या गाठीचा भाव किती पुकारू?”

चिंगूबाईच्या हातात शिंपली होती. दोघांना दिवसभर प्यायला आणलेलं पाणी तिच्यात होतं. तिनं आपल्या वाटणीचं निम्मं मुळाशी ओतलं आणि नवऱ्याकडं बघितलं. हैबतीला तहान लागली होती. त्यानं शिंपली तिच्याकडून घेतली आणि उरलेलं पाणी, शेवटच्या थेंबापर्यंत, त्या गाठीला घातलं.